बटणांच्या डब्यातला दात

थोरलीच्या हातात हातोडी आली की धाकटी न सांगता मागे सरकायची. त्या दुपारीही सरकली. टेबलावर घड्याळाची एक तबकडी पडली होती, समुद्राच्या लाटांची, आठवडाभर खपून ओतलेली, आणि तिच्या बरोबर मधोमध बुडबुड्यांचा थवा अडकून बसला होता. थोरलीने तिच्याकडे एकदा पाहिलं, "मर मेले" म्हणाली आणि हातोडी घातली. पहिल्याच घावात तबकडी फुटली. पुढचे घाव तबकडीसाठी नव्हतेच.

"झालं समाधान?" धाकटीने विचारलं.

"झालं."

"लाटांचा फेस म्हणून चालले असते ते बुडबुडे."

"फेस माझ्या तोंडाला आलाय. तोच ओत त्यात."

धाकटी हसली. थोरलीला हसू आलं नाही. तबकडीचं निमित्त होतं. राग रविवारचा होता. रविवारी टेंपो येणार होता आणि धाकटी आपल्या लेकीला, चिमणीला घेऊन बाबांकडे राहायला जाणार होती, कायमची. तिचा नवरा जहाजावर असायचा, घरात माणूस नाही, आणि आई गेल्यापासून बाबा एकटे. कुणालाही पटावं असं कारण होतं. थोरलीला मात्र जगात तेव्हा एकच गोष्ट हवी होती: त्या पोरीचं पाऊल त्या घरात राहायला म्हणून पडता कामा नये. आणि का पडू नये, ते तिला सांगता येत नव्हतं.

दोघी बहिणी मिळून रेझिनचं काम करायच्या. शटरमागची एक लांबोडकी खोली, खिडकीपाशी लांब टेबल, भिंतीला साचे टांगलेले, कपाटात रंगांच्या आणि अभ्रकाच्या पुडीच्या बाटल्या. रेझिन म्हणजे पाकासारखा दाट आणि काचेसारखा स्वच्छ द्रव. त्यात हार्डनर घालून ढवळलं की तो हळूहळू घट्ट होत जातो आणि शेवटी दगड होतो. त्याआधी त्यात फुलं घाला, शिंपले घाला, लग्नातलं फूल घाला, मेलेल्या मांजराची घंटा घाला. लोक काय काय घेऊन येत. रंगाचे थर एकावर एक द्यायचे. खालचा थर चिकट असतानाच वरचा ओतायचा, म्हणजे दोघांची गाठ पडते. खालचा पार वाळू दिला, तर वरचा नुसता बसतो आणि कधीतरी ठोकर लागली की सुटा होतो.

या धंद्यात एक सोय होती आणि थोरलीला तिचा तिटकारा होता. वाळलेल्या थरावर ओरखडा उठला, खड्डा पडला, कुणाचं बोट उमटलं, तरी घाबरायचं कारण नाही. वरून स्वच्छ रेझिनचा एक थर ओतला की ते त्यात भरून जातं आणि काही झालंच नव्हतं असं दिसतं. कितीही निरखून पाहा, सापडत नाही. धाकटी याला जादू म्हणायची. थोरलीला यात आई दिसायची.

आई शिवणकाम करायची. बाबा गोदामात मुकादम होते. हमाल त्यांना टरकून असत आणि गल्लीत मात्र ते सगळ्यांचे लाडके, लहान मुलांच्या खिशात गोळ्या कोंबणारे, कुणाच्या घरी आजारपण असलं की आधी हजर होणारे. म्हातारे झाले तरी मनगट मनगट होतं. आई हृदयविकाराने झोपेतच गेली आणि बाबा इतके रडले की शेजारच्या बायकांना आपापल्या नवऱ्यांचा राग आला.

तेच बाबा महिन्यापूर्वी म्हणाले होते, "पोरींनो, तुमच्या आईची आठवण म्हणून काहीतरी करा. तिच्या वस्तू घाला त्यात. बैठकीत ठेवीन. येणारे-जाणारे बघतील."

थोरली नाही म्हणाली होती. धाकटी हो म्हणाली, म्हणून एका जाड ठोकळ्याचं काम सुरू झालं.

रंग धाकटीने ठरवले. तळाला काळपट जांभळा, त्यावर निळा, मग फिकट होत होत वर अगदी स्वच्छ. "पहाट होते ना, तशी," ती म्हणाली. "आई तशीच होती."

"हं," थोरली म्हणाली. आई पहाटे उठून आधी आरशात तोंड बघायची, कुठे किती सुजलंय ते, आणि मग पदर कसा घ्यायचा ते ठरवायची. पण थोरलीने तोंडातून ब्र काढला नाही. आईने तिच्याकडून वचन घेतलं होतं. धाकटीला कळता कामा नये.

जांभळ्या थरात आईची कात्री गेली, निळ्यात चष्मा आणि बोटात घालायचं अंगुस्तान. आता वरच्या थरात बटणं घालायची होती. धाकटीने आईचा बटणांचा पत्र्याचा डबा आणला आणि कागदावर उपडा केला. शिंपल्याची बटणं, लाकडी बटणं, कोटाची पितळी बटणं, आणि त्यांच्यात एक दात.

"अगं!" धाकटीचे डोळे पाण्याने भरले. "बघ ना. आपला दुधाचा दात. आईने जपून ठेवला होता. तुझा की माझा गं?"

थोरलीच्या हातातली ढवळायची काडी खाली पडली.

तो दात तिनेच शोधला होता. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाखाली, गुडघे टेकून. आई पायरीवर बसली होती, तोंडाला फडकं लावून, आणि फडकं लाल होत होतं. बाबांनी तो उचलून भिंतीपलीकडे भिरकावला होता, पण भिंतीला आपटून तो पुन्हा अंगणातच पडला होता. आईने तो धुतला, पुसला, बटणांच्या डब्यात टाकला आणि बोटाने ओठ बंद केल्याची खूण केली. ओठ फाटलेलेच होते. धाकटी तेव्हा कुठे होती? बाहेर. बाबांचा आवाज चढला की आई तिच्या हातात काहीतरी द्यायची, एखादं शिवलेलं पोलकं, एखादं रिकामं भांडं, आणि म्हणायची, "जा गं राणी, शेजारच्या काकूंना एवढं देऊन ये. पळत जा." काकू खाऊ द्यायच्या, गप्पा मारायच्या. धाकटीचं सगळं बालपण असं गोड गोड गेलं. थोरलीला कुणी कुठे पाठवलं नाही. कुणीतरी आईजवळ थांबायला हवं होतं.

"हा दुधाचा दात नाही," थोरली म्हणाली. वचन मोडलं ते इथे. "मूळ बघ त्याचं. केवढं लांब आहे. त्यात चांदी भरलीये, ती बघ. मुलांच्या दातात चांदी भरतात होय?"

"मग कुणाचा?"

"आईचा. बाबांनी पाडला."

धाकटीने दात तळहातावर घेतला, पाहिला आणि मूठ मिटली.

"आई न्हाणीघरात पडली होती," ती म्हणाली. "मला चांगलं आठवतंय. जबडा बांधला होता तिचा."

"न्हाणीघरात! दर महिन्याला पडायची का ती न्हाणीघरात?"

"तू ना, बाबांचा पहिल्यापासून राग करतेस. त्यांनी मला कधी बोट लावलं नाही. तुला तरी लावलं का?"

"मला लावलं नाही, कारण आई मध्ये पडायची."

"आई सांगायला येणार नाही, म्हणून आता काहीही बोल. मला माझ्या बापाकडे जाऊ द्यायचं नाही ना तुला? जळतेस तू. त्यांचा जीव माझ्यावर आहे, म्हणून जळतेस."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पुढचं तिला कळलं नाही. कळलं तेव्हा हात झणझणत होता, धाकटी कपाटाला टेकली होती, तिच्या गालावर बोटं उमटली होती आणि अभ्रकाची एक बाटली फुटून जमीन चमचमत होती.

धाकटीने पायाने काचा बाजूला सारल्या.

"मला आयुष्यात एकाच माणसाने मारलंय," धाकटी शेवटी म्हणाली. आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. "आणि ते बाबा नाहीत."

थोरलीने आपल्या हाताकडे पाहिलं. रुंद पंजा, जाड बोटं, अंगठा थोडा मागे वळलेला. बाबांचाच. लहानपणी कुणी म्हणालं की ही बापावर गेलीय, तर ती मोरीत जाऊन हात घासत बसायची. घासून काय होणार होतं?

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"रविवारी टेंपो येतोय," धाकटी म्हणाली. "आणि हा दात मी यात घालणार आहे. आईने जपला, म्हणजे प्रेमानेच जपला असणार."

थोरली कुठल्या तोंडाने बोलणार? तिच्या एका थपडेने बाबांचं निर्दोषत्व सिद्ध झालं होतं. आता शब्दांनी काही होणार नव्हतं. हाताला एकच काम येत होतं, ते तिने केलं. दात नीट वाळवला, कारण ओल राहिली की बुडबुडे सुटतात. त्याला रेझिनचा पातळ हात दिला आणि सुकू दिला. मग स्वच्छ थर ओतला, तो साखरेच्या पाकासारखा तार धरीपर्यंत थांबली, म्हणजे वस्तू तळाला जात नाही आणि तरंगतही नाही. बटणं धाकटीने पसरली. दात थोरलीने चिमट्याने मधोमध बसवला, मूळ वर आणि चांदी समोर. त्यावर तिने शेवटचा थर जरा फुगीर दिला, भिंगासारखा. आतली वस्तू त्यातून मोठी दिसते. रेझिन फुगीर ओतणं सोपं नसतं, कडेवरून निसटतं. पण थोरलीचा हात रागात जितका बेफाम, कामात तितकाच स्थिर होता.

बाबा शनिवारी दुपारी आले, चिमणीला खांद्यावर घेऊन. थोरली तेव्हा वरच्या थरातले बुडबुडे काढत होती. छोटा बर्नर पेटवून त्याची निळी ज्योत वरून फिरवायची, म्हणजे बुडबुडे फुटतात. थर आता त्या अवस्थेत आला होता की बोट टेकवलं तर बोटाला काही लागत नाही, पण ठसा राहतो.

"हात लावू नका कुणी," ती वळून न बघता म्हणाली.

"भवानीचा हुकूम," बाबा हसत म्हणाले. "ऐकायलाच पाहिजे." त्यांनी चिमणीला खाली ठेवलं, धाकटीच्या डोक्यावर हात फिरवला. "तुझी खोली झाडून ठेवलीय. चिमणीसाठी खिडकीजवळची जागा. दाखवा आता तुमची आई."

थोरली बाजूला झाली. बर्नर तिच्या हातात तसाच होता, ज्योत सूं सूं करत होती.

बाबा वाकले. कात्री पाहिली, चष्मा पाहिला, डोळे पुसले. रडणं त्यांना येत होतं. मग नजर वर आली आणि फुगीर भिंगातून दात त्यांच्यासमोर उभा राहिला, अंगठ्याएवढा, मुळासकट, चांदीसकट.

"आजोबा, हा कुणाचा दात आहे?" चिमणीने विचारलं.

बाबांच्या चेहऱ्यावरचं रडू तिथल्या तिथे वाळलं.

"हा कुठून आला?" ते म्हणाले.

"आईच्या डब्यातून," धाकटी कौतुकाने म्हणाली. "आमच्यापैकी कुणाचातरी..."

"फेकून दिला होता मी हा!" बाबा ओरडले. "तेव्हाच फेकून दिला होता! त्या सटवीने उचलून ठेवला? माझ्या उरावर नाचवायला ठेवला?" आणि त्यांनी मूठ वळून त्या भिंगावर हाणली. मूठ थरात रुतली, निघाली, मग टेबलावर पडली. टेबल हादरलं. रंगांच्या वाट्या सांडल्या.

धाकटी जागच्या जागी थिजली होती. पण तिचे हात हलले. तिने टेबलावरून सापडेल ते उचललं, ढवळायच्या काड्यांचा गठ्ठा होता, आणि चिमणीच्या हातात कोंबला.

"जा गं राणी," ती म्हणाली. "शेजारच्या फ्रेमवाल्या काकांना एवढं देऊन ये. पळत जा."

चिमणी पळाली. धाकटी दार धरून तशीच उभी राहिली. ते वाक्य तिचं नव्हतं. तो चढ-उतार, तो घाईचा गोडवा, सगळं तिने ऐकलेलं होतं, पोलकं हातात घेऊन, भांडं हातात घेऊन, कितीतरी वेळा. आणि दार मागे बंद झाल्यावर घरात काय होत असेल, हे तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

आता दार बंद होतं आणि ती आत होती.

बाबा थोरलीकडे वळले होते. "तू घातलास हा! भवाने! चार लोकांत माझी शोभा करायला!"

थोरलीच्या हातात ज्योत होती. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर बापाचा चेहरा होता. किती वर्षं तिने हा क्षण मनात घोळवला होता! झोपेत, जेवताना, प्रत्येक फुटक्या तबकडीवर हातोडी घालताना. तिचा हात उचलला गेलासुद्धा. मग तिला धाकटीच्या गालावरची बोटं आठवली. तिने ज्योत खाली केली, बर्नर टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. तिने एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं.

पहिला तडाखा कानावर बसला. दुसऱ्याने ओठ फुटला. बाबांनी तिचे केस मुठीत धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, जणू रोजचं काम करत असल्यासारखं, कुठे दाबायचं, कुठे धरायचं ते हाताला पाठ असल्यासारखं. थोरलीच्या तोंडून आवाज निघाला नाही. आईच्याही निघत नसे. रक्त सांडलेल्या निळ्या रंगात मिसळलं.

"बाबा, सोडा तिला!" धाकटी धावली आणि त्यांच्या दंडाला लोंबकळली. त्यांनी बघितलंही नाही. कोपर मागे झटकलं, ते तिच्या छातीत बसलं, ती साच्यांच्या भिंतीवर आदळली आणि साचे तिच्यावर कोसळले. लाडकी लेक होती. बघितलंही नाही.

ती उठली तेव्हा तिच्या हातात बर्नर होता. टेबलावर तो जळतच होता.

"बाहेर व्हा," ती म्हणाली.

बाबा वळले. ज्योत दिसली तशी मूठ सुटली आणि थोरली घसरत खाली बसली. बाबांचा चेहरा क्षणात बदलला, पुन्हा गोळ्या वाटणारा म्हातारा झाला. "बाळ, अगं ती मुद्दाम चिडवते मला. तुला माहीत नाही तिचं डोकं. ठेव ते. चटका बसेल तुला."

"बाहेर व्हा."

त्यांनी बर्नर घ्यायला हात पुढे केला. धाकटीने तो मागे घेतला नाही. बाही करपली, वास सुटला, मनगटावर लाल पट्टा उठला आणि बाबा कळवळून दाराशी गेले. दार उघडताना त्यांनी सदरा नीट केला, करपलेली बाही दुमडली. बाहेर फ्रेमवाला उभा होता. "कामात आहेत पोरी," बाबा त्याला हसून म्हणाले आणि निघून गेले.

धाकटीने दाराला आतून कडी घातली. बर्नर बंद करायला तिला जमेना, बोटं वळत नव्हती. थोरलीने उठून तो बंद केला.

"तू मारलं का नाहीस त्यांना?" धाकटीने विचारलं. ती ओल्या फडक्याने थोरलीचा ओठ पुसत होती आणि स्वतः हुंदके देत होती. "हातात होतं तुझ्या."

"मारलं असतं तर तू मलाच बघितलं असतंस, त्यांना नाही," थोरली म्हणाली.

दारावर थाप पडली. चिमणी होती. "काका विचारतात, या काड्यांचं मी काय करू?"

दोघी हसल्या. फाटक्या ओठाने थोरलीला हसवत नव्हतं, तरी हसली. मग धाकटीने लेकीला आत घेऊन इतकं घट्ट धरलं की ती पोर ओरडली. थोड्या वेळाने तिने टेंपोवाल्याला फोन लावला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. का, ते तिने सांगितलं नाही, त्याने विचारलंही नाही.

संध्याकाळपर्यंत वरचा थर दगड झाला होता. बाबांच्या मुठीचा ठसा त्यात जसाच्या तसा होता. बोटांचे चार उंचवटे दाबून पडलेले चार खड्डे, बाजूला वळलेला अंगठा, आणि त्या सगळ्याखाली दात. आता फुगीरपणा उरला नव्हता, तरी दात दिसत होता.

थोरलीने सवयीने भांड्यात स्वच्छ रेझिन ढवळायला घेतलं. एका डोळ्यावर सूज चढली होती, म्हणून मान वाकडी करून बघत होती.

"एक थर ओतला की ठसा जाईल," ती म्हणाली.

"माहितीये जाईल," धाकटी म्हणाली. "म्हणूनच थांब."

तिने कपाटातून काळपट जांभळी पूड काढली, तळाच्या थरातली. थोडी रेझिनमध्ये कालवली आणि बारीक ब्रशने त्या ठशात भरायला लागली. आधी बोटांचे खड्डे, मग त्यांच्यामधल्या रेषा, मग अंगठा. मूठ हळूहळू वर येत गेली, पहाटेवर ठेवलेली, काळी. आता हिच्यावर कितीही थर ओतले तरी ती लपणार नव्हती.

थोरली बघत उभी होती. "मी तुला मारलं," ती म्हणाली. "तेही राहिलंच आहे."

"राहिलंय. ते मी विसरणार नाही." धाकटीने वर पाहिलं नाही. अंगठ्याच्या कडेवरून ब्रश फिरवत ती म्हणाली, "पुन्हा हात उगारलास, तर तुझाही असाच भरीन."

थोरलीने आपला रुंद पंजा एकदा पाहिला.

"भर," ती म्हणाली, आणि धाकटीला दिसावं म्हणून तिने दिवा जवळ धरला.